शेलूबाजारात दाढीवाला सरडा: उजेड आणि उबेची प्राथमिक मार्गदर्शिका

मोबाइलवर पंजा हलवून रामराम करणारा दाढीवाला सरडा ज्यांनी पाहिला, त्याच रात्री ज्यांना तो हवासा वाटला आणि ज्यांच्या घरी ही बातमी अजून फुटलेली नाही, अशा होतकरू वाचकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. बातमी फुटली असेल तर आधी ते प्रकरण निस्तरा. त्यासाठी वेगळी मार्गदर्शिका लागेल आणि ती लिहिण्याची आमची छाती नाही.

प्राणी असा: नाव बिअर्डेड ड्रॅगन, शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स, मूळ मुक्काम ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातला कोरडा, रखरखीत अंतर्भाग. १९२६ साली आल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. शेपटीसकट दीड ते दोन फूट. राग आला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो, तीच दाढी. स्वभावाने गरीब. नीट सांभाळला तर दहा वर्षं सहज जगतो. म्हणजे मुलाने आठवीत असताना आणला, तर मुलगा शिकून नोकरीसाठी पुण्याला जाईल आणि सरडा तुमच्याकडे राहील. हे वाक्य आईवडिलांनी दोनदा वाचावं.

या प्राण्याबद्दल छापून आलेली बहुतेक माहिती थंड मुलखातल्या घरांना धरून लिहिलेली असते. तिथली खोली बारा महिने वीस-बावीस अंशांवर, बाहेर रिमझिम नाहीतर बर्फ. त्यामुळे तिथली पहिली पायरी ठरलेली: खोली गार आहे, सरड्याला तापवा. शेलूबाजारात मे महिन्यात ही पायरी पाळली तर दुसऱ्या पायरीपर्यंत सरडा उरणार नाही. अकोला–मंगरूळपीर आणि मालेगाव–कारंजा हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे मेच्या दुपारी दोन वाजता दहा मिनिटं उभं राहून पाहा, म्हणजे तापवण्याचं खातं आपल्याकडे कोणी सांभाळलंय ते कळेल.

घरातली आजी विचारणारच, "एवढ्या उन्हात त्याले बल्ब कायले पायजे?" प्रश्न एप्रिल-मेपुरता शंभर टक्के बरोबर आहे. जुलै-ऑगस्टात तो चुकतो, पौषात थोडा चुकतो, आणि एका बाबतीत बाराही महिने चुकतो. ते कसं, एवढंच पुढे सांगायचं आहे.

फुकटचा वर्ग

खिशात हात घालण्याआधी आठवडाभर कुंपणाकडे बघत बसा. आपला कुंपणावरचा सरडा आणि हा ऑस्ट्रेलियन पाहुणा एकाच कुळातले, ॲगामिडी कुळातले. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर निळ्या-केशरी गळ्याचा जो देखणा सरडा असतो, तोही याच कुळातला. त्याच्या गटाला २०१६ साली संशोधकांनी शास्त्रीय नाव दिलं तेच मुळी 'सरडा'. तेव्हा विलायती पुस्तकाआधी गावचा शिक्षक बघावा, यात कमीपणा काही नाही.

हा शिक्षक सकाळी ऊन वर आलं की खांबावर हजर होतो. अंग पसरट करतो, रंग गडद करतो आणि सूर्याकडे कूस वळवतो. तापला की रंग फिका. ऊन चढलं की खांबाच्या सावलीच्या बाजूला सरकतो. भर दुपारी दिसतच नाही. उन्हं कलली की पुन्हा जागेवर. दिवसभर त्याचं हेच चाललेलं असतं, आणि ज्याला आपण थंड रक्ताचा म्हणतो त्याचं रक्त या येण्याजाण्यातून चांगलं गरम राहतं. बिअर्डेड ड्रॅगनला निवड दिली तर तो स्वतःचं अंग ३५ अंशांच्या आसपास ठेवतो, म्हणजे आपल्यापेक्षा फार कमी नाही. फरक एवढाच, की आपल्याला ही ऊब बसल्या जागी मिळते आणि त्याला चालत जाऊन मिळवावी लागते.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. तुमच्या सरड्याची धाव चार फूट. त्या चार फुटांत सकाळचा खांब आणि दुपारची सावली दोन्ही बसवायची आहेत. एका टोकाला बसायच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश, दुसऱ्या टोकाला हवा २५ ते २९ अंश, आणि कुठे किती वेळ बसायचं हा निर्णय त्याचा. सगळी विद्या इथे संपते. यापुढे फक्त सामानाची नावं आहेत.

पेटी

चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. घरात पडून असलेला दोन फुटी फिशटँक चालणार नाही, कारण एवढ्याशा जागेत गरम बाजू आणि गार बाजू अशा दोन होत नाहीत. सगळीच एक बाजू होते, आणि ती गरम. सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घ्या, पुढे सरकत्या काचा, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या. सुतार विचारेल, "कोंबड्यायसाठी का?" हो म्हणा. पुढचे बरेच प्रश्न वाचतात.

पेटी टिनाच्या छताखाली ठेवू नये. पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नये. फ्रिजच्या मागच्या गरम वाऱ्यात ठेवू नये. देवघराशेजारी ठेवू नये. याला शास्त्रीय आधार नाही, पण घरात शांतता राहते. आणि खिडकीतल्या उन्हात तर अजिबात नाही, कारण बंद काचेच्या आत आलेलं ऊन बाहेर पडत नाही आणि पाहता पाहता आतली हवा जीवघेणी तापते.

बाराही महिने लागणारी वस्तू

आता आजीचा प्रश्न जिथे बारमाही चुकतो तिथे येऊ. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारा अतिनील भाग असतो. त्यातला २८० ते ३१५ नॅनोमीटरचा पट्टा म्हणजे यूव्हीबी. तो सरड्याच्या कातडीवर पडला की कातडीतल्या एका पदार्थाचं रूप बदलतं आणि पुढे अंगातल्या उबेमुळे त्याचं ड-३ जीवनसत्त्व होतं. ड-३ असेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. नसेल तर शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम उपसायला लागतं. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. पाळलेल्या सरड्यांचं हे नेहमीचं दुखणं, आणि ते दिसायला लागतं तोवर बराच उशीर झालेला असतो.

उजेड आणि ऊब दोन्ही लागतात, हे वरच्या परिच्छेदात निसटून गेलं असेल तर पुन्हा वाचा. म्हणूनच यूव्हीबी देणारी दिव्याची पट्टी आणि गरम बल्ब पेटीच्या एकाच टोकाला हवेत. ऊन एका गावात आणि उजेड दुसऱ्या गावात अशी व्यवस्था निसर्गात नसते.

यूव्हीबी कशातून मिळत नाही, याची यादी मोठी आहे. घरातली ट्यूबलाईट, नऊ वॉटचा एलईडी, झिरोचा बल्ब, रोपांसाठीचा जांभळा दिवा, लग्नमंडपातला हॅलोजन. खिडकीच्या बंद काचेतून येणारं छान पिवळं ऊनसुद्धा नाही, कारण साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. तुमची भाजी करपेल असं ऊन काचेतून येईल आणि सरड्याच्या हाडांना त्यातलं काही मिळणार नाही.

मिळतं ते सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मुद्दाम बनवलेल्या टी-५ जातीच्या हाय आउटपुट पट्टीतून. खोक्यावर १० किंवा १२ टक्के असं लिहिलेलं बघा. लांबी पेटीच्या निम्म्याहून जास्त, साधारण दोन तृतीयांश. मागे चकचकीत रिफ्लेक्टर. पट्टी आणि सरड्याची पाठ यांत एक फूट ते सव्वा फूट अंतर. नेमकं किती, ते त्या पट्टीच्या खोक्यावर असतं आणि तिथलंच ऐकावं. पट्टी जाळीच्या वर ठेवली तर जाळी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त खाऊन टाकते. वेटोळ्या आकाराचा स्वस्त यूव्हीबी बल्ब घेऊ नका. त्याचा झोत एका टीचभर जागेवर पडतो आणि जुन्या काही बल्बांनी सरड्यांचे डोळे सुजवलेले आहेत.

अशी पट्टी शेलूबाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणार नाही. मागून पाहायला हरकत नाही. दुकानदार तुम्हाला डास मारायच्या मशीनची निळी नळी दाखवेल. ती नम्रपणे परत करा. पट्टी नागपूर, पुणे, मुंबईहून मागवावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि शेलूबाजारला चढायची-उतरायची सोय झाली, त्याचा असाही उपयोग. पट्टी आली की तिच्या टोकावर मार्करने तारीख लिहा. ती जळून जाईपर्यंत वाट बघायची नसते. डोळ्यांना लख्ख दिसणारी पट्टी वर्षभरात यूव्हीबीपुरती संपलेली असते. "चालू तर हाय ना!" असं म्हणून ती तिसऱ्या वर्षी वापरणाऱ्या घरातच वाकड्या पायांचे सरडे सापडतात.

आता फुकटची बाजू. बसायच्या जागी यूव्ही निर्देशांक ३ ते ५ असावा, यासाठी हा सगळा खटाटोप. शेलूबाजार २० अंश अक्षांशाच्या किंचित उत्तरेला आहे, त्यामुळे मेच्या उत्तरार्धात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. स्वच्छ आभाळात त्या वेळी हाच निर्देशांक दहाच्या पुढे असतो. म्हणजे पट्टी बारा तास राबून जे देते ते अंगणात थोड्या वेळात पदरात पडतं. तेव्हा तारेच्या जाळीचा पिंजरा करा, अर्ध्या भागावर ओलं पोतं टाका आणि सरड्याला आंघोळीसारखं रोज ऊन दाखवा. उन्हाळ्यात सकाळी साडेआठच्या आत, हिवाळ्यात दहा-अकराला. पिंजरा जाळीचाच, काचेची पेटी उन्हात नेली तर ती भट्टी होते. आणि जवळ कोणीतरी बसलेलं हवं, कारण मांजर, कावळा आणि शिक्रा या तिघांनाही तो प्राणी महाग आहे हे माहीत नसतं. आजीला बाज टाकून द्या. तिने गहू निवडावेत, त्याने ऊन खावं. ड-३ दोघांनाही लागतं.

मग पट्टी कशाला, असं तुम्ही विचाराल. रोज न चुकता, शाळा, परीक्षा, लग्नसराई, सोयाबीनची सोंगणी सगळं सांभाळून बारा महिने हे करणार असाल तर विचारा.

ऊब: कवेलू आणि कोंबडीचा बल्ब

गरम टोकासाठी सूर्यासारखा वरून झोत टाकणारा बल्ब लागतो. हॅलोजनचा फ्लड बल्ब सगळ्यात चांगला. तो नसेल तर जुना तारेचा, पिवळ्या उजेडाचा बल्ब. हल्ली किराणा दुकानात सगळीकडे एलईडी आहेत आणि वीज वाचवण्याच्या नादात एलईडीने सरडा तापवायला निघालेले लोक आहेत. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. त्याचं कौतुक त्यासाठीच आहे. तारेचा बल्ब हवा तर कोंबड्यांचं खाद्य आणि ब्रूडरचं सामान विकणाऱ्याकडे जा. पिल्लांना ऊब द्यायला शंभर-दोनशे वॉटचे बल्ब त्याच्याकडे असतात.

गेलाच आहात तर त्याच्याकडून ब्रूडर बघायचंही शिकून घ्या. कुक्कुटपालनवाला थर्मामीटरआधी पिल्लांकडे बघतो. सगळी बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे. सगळी कडेला पळून चोच उघडी टाकून बसली तर गरम जास्त आहे. निवांत पसरली तर ठीक. सरड्याचंही असंच वाचायचं असतं, फक्त तो एकटा असल्यामुळे जरा जास्त वेळ बघावं लागतं. सकाळभर बल्बखालून हलतच नसेल तर ऊब कमी पडते. दिवसभर गार कोपऱ्यात काचेला नाक लावून असेल तर जास्त. बल्बखाली बसून तोंड उघडं ठेवलं तर घाबरू नका. तापून झालंय, आता जादा उष्णता बाहेर टाकतोय. पण गार बाजूला जाऊनही तोंड उघडंच असेल तर पेटीत गार बाजू उरलेली नाही, आणि हे ताबडतोब बघायचं काम आहे.

बल्बखाली बसायला काय ठेवायचं? दुकानात 'बास्किंग रॉक' नावाचा प्लास्टिकचा दगड मिळतो. आपल्याकडे कवेलू आहे. जुन्या घराच्या छपराचं एक कवेलू, नाहीतर शहाबादी फरशीचा तुकडा, स्वच्छ घासून उतरता टेकवा. भाजलेली माती आणि दगड हळू तापतात आणि बल्ब बंद झाल्यावरही थोडा वेळ ऊब धरून ठेवतात. विजेवर तापणारे नकली दगड मात्र आणू नका. सरड्याला ऊन वरून येतं हे माहीत असतं, त्याच्या डोक्यावर उजेड ओळखणारा तिसरा डोळाही असतो. पण पोटाखाली भाजतंय हे त्याला वेळेवर कळत नाही आणि पोट पोळून निघतं. वाळूखाली घालायच्या हीटिंग पॅडची गतही तीच.

मापायला दोन वस्तू. बसायच्या जागेसाठी इन्फ्रारेड बंदूक, आणि गार बाजूला वायरचा डिजिटल थर्मामीटर. कोरोनात घेतलेली कपाळाची बंदूक इथे चालत नाही. ती माणसाच्या तापापुरतीच बनवलेली असते आणि कवेलूकडे रोखली तर काहीतरी अशक्य आकडा दाखवते. काचेला चिकटवायचं घड्याळासारखं गोल थर्मामीटर हे शोभेची वस्तू म्हणून वाईट नाही.

विजेचा हिशोब बाबा विचारतील, तो तयार ठेवा. शंभर वॉटचा बल्ब बारा तास म्हणजे दिवसाला सव्वा युनिटच्या आत, महिन्याला ३६ युनिट. पट्टी ३९ वॉटची, महिन्याला चौदाच्या आसपास. कूलर चालतो ते दिवस वेगळे, पण तो कूलर सरड्यासाठी लावला आहे असं कोणी म्हणत असेल तर कूलरसमोर कोण झोपतं ते बघावं.

पंचांगानुसार वेळापत्रक

परदेशी वेळापत्रकात उन्हाळा आणि हिवाळा असे दोन रकाने असतात. ते आपल्याला उपयोगाचे नाहीत.

होळीपासून बल्बचे तास कमी करायला लागा. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला खोलीच ३६-३७ अंशांवर जाते. गरम टोक तयार झालेलं असतं आणि गार टोक नाहीसं झालेलं असतं. आता बल्ब बंद, किंवा सकाळी तास-दोन तास. सगळी अक्कल गार बाजूकडे लावायची. पेटी जमिनीवर उतरवा, शक्यतो मातीच्या किंवा जाड भिंतीच्या खोलीत. फुटक्या माठाचा अर्धा भाग गार कोपऱ्यात उपडा घाला आणि वरून दिवसातून दोन-तीनदा पाण्याने भिजवा; आत गुहेसारखी गार जागा होते. खोलीत कूलर लावा, पण झोत पेटीवर नको. या प्राण्याला दमट हवा सोसत नाही, कूलर त्याच्यासाठी वाईट, असं तुम्ही वाचलेलं असेल. ते दमट मुलखासाठी खरं. वऱ्हाडातल्या मेच्या दुपारी हवेत ओलावा इतका कमी असतो की कूलरने झाली तर मदतच होते. दाराला ओली चादर लावली तरी चालेल. पट्टी मात्र चालूच. ती फार तापत नाही आणि तिचं काम उष्णतेचं नाही.

मृग लागला आणि पहिला पाऊस झाला की सगळे सुस्कारा टाकतात. सरडेवाल्याने इथे सावध व्हायचं. आर्द्रापासून पोळ्यापर्यंत आभाळ झाकलेलं, हवा ओली, खोली २६-२७ अंशांवर. पेटीत आता गार बाजू भरपूर आहे आणि गरम बाजू नाही. ऊब नसली की पोटातलं पचत नाही. खाल्लेलं तसंच सडतं. ओल्या गार हवेने छातीला धरतं, नाकातून फेस येतो. हा बल्बचा खरा मोसम. शेलूबाजारात सरड्याला तापवण्याचे मुख्य महिने आषाढ आणि श्रावण आहेत, हे थंड मुलखातल्या एकाही लेखकाला सुचणार नाही. बल्ब बारा तास, कूलर गुंडाळून माळ्यावर, पाण्याची वाटी गार बाजूला आणि छोटी.

दिवाळीनंतर रात्री गार पडतात. पौषात बाहेर पारा दहा-बारावर उतरतो. पण या प्राण्याच्या मूळ गावीही रात्री गार असतात. पेटीत रात्री १८ अंश असले तर त्याचं काही बिघडत नाही. पक्क्या घरात बंद खोली साधारण तेवढी राहते. टिनाच्या किंवा उघड्या ओसरीच्या घरात १५-१६च्या खाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा, आणि थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. दिव्यांचे तासही कमी करा, बाराचे दहा. सरडा सुस्त होईल, खाणं सोडेल, कोपऱ्यात तोंड खुपसून पडून राहील. निरोगी, मोठा प्राणी असेल तर ही हिवाळ्याची झोप असू शकते. "मेला वाटते" अशी घोषणा आजी करेल. उचलून बघा, बहुतेक वेळा डोळा उघडून नाराजीने बघतो. पहिल्याच हिवाळ्यातलं पिल्लू असेल किंवा वजन उतरत असेल तर मात्र डॉक्टर.

संक्रांतीनंतर पुन्हा हळूहळू वाढवत न्यायचं. होळी आली की पहिल्या ओळीवर जा.

दुकानदार या सगळ्यात रात्रीसाठी म्हणून लाल किंवा निळा बल्ब गळ्यात मारेल. सरड्याला लाल दिसत नाही, असं सांगेल. सरड्याला रंग तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त दिसतात, अतिनीलसुद्धा दिसतो. रात्री त्याला अंधार हवा. तो फुकट आहे.

लाईन गेल्यावर

हे प्रकरण विलायती पुस्तकांत नाही. पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात लाईन गेली तर काळजी नको. कवेलू तापलेलं आहे, प्राणी चिवट आहे, काही तास तो सहज काढतो. इन्व्हर्टरवर बल्ब टाकू नका, घरातला पंखा आधी. मे महिन्यात दुपारी लाईन गेली तर मात्र पळा: माठ भिजवा, जाळीवर ओलं कापड टाका, पेटीच्या काचा थोड्या उघडा. तरीही तोंड उघडून धापा टाकत असेल तर बादलीत कोमट पाणी घेऊन त्याला गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा करा. गार पाणी किंवा बर्फ नको.

डीपी जळाली तर वरील कृती दोन-तीन दिवस चालू ठेवावी.

व्होल्टेजचंही बघा. २३०च्या जागी १८० आलं तर शंभराचा बल्ब साधारण सत्तर वॉटचंच काम करतो आणि गरम टोक गुपचूप गार होतं. रात्री दहानंतर चढलं तर तोच बल्ब उडतो. म्हणून रोज एकदा बंदूक रोखून आकडा बघायचा आणि घरात एक जादा बल्ब ठेवायचा. दिवे लावण्या-विझवण्याचं काम टायमरला द्या, आणि लाईन जाऊन आल्यावर टायमरचं घड्याळ बरोबर आहे ना, तेही बघा. नाहीतर सरड्याचा सूर्य रात्री अकराला उगवतो.

येणाऱ्या-जाणाऱ्यांचे प्रश्न

"चावते का?" क्वचित. "विषारी हाय का?" माणसाला नाही. "केवढ्याले आणलं?" निम्मी किंमत सांगा. "काजवे खाऊ घाला, उजेडच उजेड!" हसून सोडून द्या, पण खरंच घालू नका, अमेरिकेतल्या फोटिनस जातीचा एखादा काजवासुद्धा या प्राण्याचा जीव घेतो. सोयाबीनच्या शेतातले नाकतोडे तर अजिबात नाहीत, त्यांच्यावर फवारणी झालेली असते. "अंडे उबवून धंदा करा ना!" यालाही हसाच, पण एक सांगा: अंडी ३२ अंशांच्या पुढे उबवली तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लं मादी होऊन बाहेर येतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ साली रानातल्या सरड्यांतही अशा माद्या दाखवल्या. मेमध्ये शेलूबाजारात काय निपजेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

"घोरपडीचं पिल्लू हाय ना?" या प्रश्नाला मात्र हसू नका. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती घरात ठेवणं हा गंभीर गुन्हा आहे. मांडुळाच्या तस्करीच्या बातम्या गावोगाव वाचल्या जातात, त्यामुळे पेटीतला कुठलाही खवल्यांचा प्राणी लोकांना संशयास्पद वाटतो. खरेदीची पावती पेटीजवळच ठेवा. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम केंद्र सरकारने २०२४ साली आणले. आपल्या प्राण्याला ते लागू होतात का, हे विकत घेण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा. विकणारा "थेट ऑस्ट्रेलियाहून आणलाय" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत सरडे व्यापारासाठी बाहेर जाऊच देत नाही. म्हणजे तो एकतर थापाड्या आहे, नाहीतर तस्कर, आणि दोघांकडूनही पावती मिळत नाही.

शेवटची पायरी, जी खरं तर पहिली आहे

सरडा आणू नका. अजून नाही. आधी पेटी, पट्टी, बल्ब, कवेलू, माठ आणि टायमर जागच्या जागी लावून आठवडाभर रिकामी पेटी चालवा. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री दहा वाजता दोन्ही टोकांचे आकडे वहीत लिहा. दुपारी दोनला गार बाजू ३० च्या वर जात असेल तर पेटी हलवा, खोली बदला, माठ मोठा करा, आणि तरीही जमत नसेल तर पाऊस पडेपर्यंत थांबा. त्याच आठवड्यात अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थेला आणि जवळपासच्या डॉक्टरांना फोन करून सरडा तपासणारं कोण आहे ते विचारून ठेवा. गुरांचे डॉक्टर भले असतात, पण दीड फुटाच्या रुग्णाची त्यांना सवय नसते. वहीतले आकडे सलग सात दिवस बरोबर आले तरच विकणाऱ्याला फोन फिरवा. आणि त्या सात दिवसांत हौस ओसरली तर पेटी वाया जात नाही: तेवढ्या जागेत, त्याच बल्बखाली, गावरान कोंबडीची वीस पिल्लं पहिले दोन आठवडे मजेत राहतात.